मी मधेच बंद केलेली गिटार

आधी गुन्हा सांगतो. जयंतीच्या कार्यक्रमात माझा मेहुणा इलेक्ट्रिक गिटारीवर आमचं एक जुनं भीमगीत वाजवत होता. ते ऐन रंगात असताना मी धावत स्टेजवर गेलो आणि त्याच्या स्पीकरची वायर बोर्डातून उपसली. वर माइक हातात घेऊन सांगितलं, "मशीन गरम झाली आहे, कोणी घाबरू नका." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेहुण्याला नाही, मला.

चिखलीजवळच्या आमच्या गावात मंडळाचा माइक कित्येक वर्षांपासून माझ्याकडे आहे. बाकीचे भाषणं करतात, गाणी म्हणतात. मी शिट्टी सांभाळतो. माइक स्पीकरसमोर गेला की कुंईई करत जी कान फाडते, ती शिट्टी. वक्त्यानं माइक घेऊन एक पाऊल पुढे टाकलं की मी खुर्चीतून अर्धा उठलेलो असतो. कोण काय बोललं हे मला कधीच आठवत नाही, पण कोणाच्या भाषणात शिट्टी वाजली ते विचारा.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. पिंपळगाव राजाला राहतो, खामगावला नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी दोस्तांबरोबर रॉक वाजवतो. "एकदा आमच्या गावात वाजव," म्हणून बायको वर्षानुवर्षं त्याच्या मागे लागली होती. "तिथं कोण ऐकते, ताई?" एवढंच तो म्हणायचा. यंदा मात्र आला. बायकोनं गल्लीत घरोघर जाऊन सांगितलं, माझा भाऊ वाजवणार आहे.

दुपारी आम्ही आवाज तपासत होतो. मेहुणा गिटार गळ्यात अडकवून स्पीकरसमोर पुढेमागे सरकत होता.

"तिथं नको उभा राहू. शिट्टी मारते," मी म्हणालो.

"तेच पाहून राह्यलो दाजी, कुठून मारते ते."

मला वाटलं, किती काळजी घेणारा माणूस आहे.

संध्याकाळी त्यानं गाणं सुरू केलं. लहान पोरंसुद्धा झोपेत म्हणतील इतकं ते ओळखीचं. पहिलं कडवं लोक गुणगुणत होते. दुसऱ्यात आवाज खरखरीत झाला. मी मनात म्हटलं, स्पीकर फाटला. तिसऱ्यात तो वळला, स्पीकरकडे तोंड करून डोळे मिटून उभा राहिला आणि शिट्टी सुरू झाली. पुढचं सांगितलंच.

स्टेजमागे तो मला शांतपणे म्हणाला, "दाजी, ती शिट्टी नव्हती. मी वाजवून राह्यलो होतो."

"अरे पण लोकाइचे कान..."

"लोक तर ऐकून राह्यले होते. तुम्हीच पळाले."

त्या रात्री तो बहिणीकडे जेवला नाही. सकाळी पहिल्या बसनं गेला, चहाही न घेता. जाताना बहिणीला सांगून गेला की आता लोकांसमोर वाजवणं बस झालं, गिटार कपाटावर टाकतो. बायको माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त कुकरची शिट्टी वाजली की म्हणायची, "बसले काऊन? धावा. वायर उपसा."

मुलीनं मोबाइलवर कार्यक्रमाचा व्हिडिओ काढला होता. माझंच बरोबर होतं हे दाखवायला मी तो लावला. एकदा पाहून काही सिद्ध झालं नाही, म्हणून परत लावला. मग परत. हळूहळू मी शिट्टीऐवजी त्याच्या हातांकडे पाहायला लागलो.

आमचे गायक ओळीच्या शेवटी आवाज जसा खालून वर चढवतात, तसा तो एकच तार बोटानं आडवी ढकलून सूर वर नेत होता. घाई नाही. वर पोचल्यावर बोट नुसतं थरथरवायचा, म्हातारा गायक ओळ संपताना आवाज हलवतो तसं. मधेच तळहात तारांवर टेकवून त्यांचा आवाज दाबायचा, तेव्हा गिटार ढोलकीसारखी बोलायची. गाण्याचा एक शब्द कोणी म्हटला नव्हता, तरी कुठे कोणता शब्द आहे ते कळत होतं.

आणि ती शिट्टी. माइकची शिट्टी पिसाळल्यासारखी वर वर जाते. ही गेली नव्हती. जिथे सगळा मांडव श्वास रोखून शेवटचा सूर धरतो, नेमक्या त्याच सुरावर ती उभी होती. तो किंचित मागे सरकला की बारीक व्हायची, पुढे आला की भरायची. गायकाचा दम संपतो, याचा संपत नव्हता. व्हिडिओत लोकांच्या माना वर झालेल्या दिसतात. मग पांढऱ्या शर्टातला एक जाडा माणूस डावीकडून पळत येतो.

मी पिंपळगाव राजाला गेलो. चहा झाला, बसच्या हालांवर बोलून झालं, उन्हावर बोलून झालं. गिटार खरोखरच कपाटावर होती, तिच्यावर गोधडीचं गाठोडं.

"ते तार ढकलून सूर वर नेतो ना तू," मी म्हणालो, "अन् मग बोट हलवतो..."

तो सरळ होऊन बसला. "तुमाले समजलं ते?"

"लई वेळा पाह्यल्यावर. चूक झाली बाबा माझी."

"दाजी, बंद तर साऱ्या गावासमोर केलं. माफी काऊन इथं, चहाच्या कपासमोर?"

त्याची बायको आतून हसली. निघताना एवढंच म्हणालो, "बुद्ध पौर्णिमेला ये. वाजवू नको पाहिजे तर. पण गिटार आण."

पौर्णिमेला तो आला. गिटार कव्हरमध्येच, आणि बसला सगळ्यांच्या मागे, बहिणीशेजारी. वंदना झाली, पाहुण्यांचं स्वागत झालं. मग मी माइक घेतला. इतकी वर्षं "हॅलो, हॅलो" सोडून मी त्यात स्वतःचं असं काही बोललोच नव्हतो, त्यामुळे आधी तेच दोनदा म्हटलं. समोरून कोणीतरी ओरडलं, "काय झालं बे, मशीन गरम झाली का?"

"नाही," मी म्हणालो. "जयंतीलेही झाली नव्हती. मी खोटं बोललो. माह्या मेहुण्याचं वाजवणं मले समजलं नाही, म्हणून मी ते मधातच बंद केलं अन् वरून तुमच्या टाळ्या घेतल्या. भाऊ, तू मागं बसला आहे, तुले साऱ्यांसमोर सांगतो. माझी चूक झाली. मले माफ कर."