आजोबांच्या बॅगेला चिंच

माझे आजोबा माढ्याला कचेरीत शिपाई होते. चामड्याच्या बॅगेत टपाल घालून ते गावोगाव पोहोचवायचे. स्वतः मात्र सहीच्या जागी अंगठा उठवायचे. सोलापूरला आल्यावरही वडिलांनी आपल्या दादांची, म्हणजे आजोबांची, ती बॅग ट्रंकेत जपली होती. मला कॉलेजात शिकवायची नोकरी लागली तेव्हा त्यांनी ती बाहेर काढली. "सोमवारी हीच घेऊन जायचं. तेवढीच माजी हाऊस हाय."

घरातली पहिली पदवीधर मी, तीही त्यांच्या जिवावर. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

चामडं पापडासारखं कडक झालेलं, पितळी बकलं हिरवी पडलेली. मी बुरशी पुसून काढली आणि बाजारात जाऊन आले. तेवढ्यात आईनं बॅग देवाच्या भांड्यांच्या रांगेत उन्हात मांडली होती. आमच्या घरी पितळ दिसलं की चिंच लागलीच. मग ती समई असो की बॅग. बकलं लखलखत होती, पण त्यांच्याखाली चामड्यावर चिंचेचे काळे ओघळ.

"निघालं की न्हाय चकाचक?" आई खूश.

वडील बॅग उलटीपालटी करत बसले.

शनिवारी वडील आणि मी ती चौकात चपला शिवणाऱ्या काकांकडे घेऊन गेलो. त्यांनी वास घेतला. "मॅडम, बॅग हाय का आमटी?"

मी आईचा पराक्रम सांगितला. मग त्यांनी जुन्या लग्नपत्रिकेला चीर पाडून ती बकलाखाली सरकवली. "पितळ घासायचं तर आदी असं झाकायचं. चामड्याला थेंब लागू द्यायचा न्हाय." बोटानं एरंडेल चोळल्यावर चामडं सैलावलं. ओघळ मात्र तसेच.

"सगळीला काळा रंग मारतो. वहिनींचं पाप झाकंल."

"मुठीला पन?" वडिलांनी विचारलं. धरून धरून मूठ एका जागी काळसर, गुळगुळीत झाली होती.

"मारावाच लागंल की. न्हायतर दोन रंग दिसतील."

वडिलांनी बॅग ओढून घेतली. "मग ऱ्हाऊ द्या. डाग तर डाग. ही जागा आमच्या दादांच्या हाताची हाय."

सोमवारी कॉलेजच्या फाटकावर शिपाईमामा बॅग बघून उभेच राहिले. "टपाल आणलंय व्हय? सही कुटं करू?"

संध्याकाळी हे सांगितलं तर वडील डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "मग? घेतली का न्हाय सही?"