बाबांची आंघोळ

थकल्यावर माणूस भांडतसुद्धा नाही, हे मला यंदा कळलं. सकाळी उठून पाणी तापवायचं, बाबांना न्हाणीच्या दारापर्यंत आणायचं आणि मग 'हात नको लावू' हे ऐकायचं. त्यांच्या खुब्याचं हाड मोडल्यापासून रोज हेच, आणि काठीही घेत नाहीत. आधी मी चिडायचे. आता नुसती बादली ठेवते आणि दाराशी टेकून उभी राहते.

आमच्या मालेगावात ख्रिस्ती घरं अशी कितीशी असणार? उपासना भाड्याच्या एका खोलीत होते. तिथं रविवारी लेकरांना बायबलातल्या गोष्टी सांगायचं काम कैक वर्षं बाबांकडं होतं. त्यांची लाडकी गोष्ट बाबेलच्या राजाची. राजा राजवाड्याच्या गच्चीवर फिरतो, हे सगळं मी माझ्या बळावर उभं केलं म्हणतो, आणि शब्द तोंडात असतानाच देव त्याचं राज्य काढून घेतो. मग तो राजा बैलासारखा गवत खात हिंडतो. बाबा गवत खाऊन दाखवायचे, लेकरं हसून लोळायची. शेवटी ते विचारायचे, राजाचं काय चुकलं? सगळ्यात आधी हात माझा वर.

शेजारी किराणा दुकानवाले जैन शेठ राहतात. त्यांची बायको, आमच्या भाभी, कितीदा म्हणाल्या की आंघोळीच्या वेळेला शेठना पाठवते, दुकान उघडायला तसाही वेळ असतो, तुमच्या जिवाला तेवढाच आराम. मी दर वेळी म्हणायचे, राहू द्या भाभी, होते माझ्याच्यानं. माझ्याच कमरेला दुखण्याचा पट्टा बांधलेला, आणि वरून ही ऐट!

परवा बाबा न्हाणीत घसरले. लागलं नाही, पण बसले ते बसलेच. काखेत हात घालून उचलायला गेले, तर माझ्या कमरेत अशी उसण भरली की भिंत धरून मीही खाली. ओल्या फरशीवर बापलेक समोरासमोर, नळ चालूच. मला रडू आलं. म्हटलं, बाबा, एक काठी घेतली असती तर तुमचं काय गेलं असतं?

बाबांनी तोंडावरचं पाणी पुसलं. मग म्हणाले, "मी काठी घेत नाही, अन् तू शेठले येऊ देत नाहीस. जलमभर राजाची गोष्ट सांगितली म्या. घरात कोणीच आयकली नाही वाटते."

मला हसू आलं, पण हसतानाही कंबर दुखली. आता हाक कोणी मारायची? ते माझ्याकडं बघून राहिले, मी त्यांच्याकडं. पाणी गार होत चाललं, बाबा कुडकुडायला लागले, तेव्हा मीच भाभींना हाक मारली.

दार नुसतं लोटलेलं होतं. शेठ आले, मागून भाभी. शेठ बाबांपुढं उकिडवे बसले आणि त्यांनी दोन्ही हात पुढं केले. बाबांनी आधी टॉवेल सारखा केला, मग त्यांच्या खांद्यावर हात टाकून उठले. 'हात नको लावू' म्हणाले नाहीत. मला भाभींनी उठवलं.

जाताना शेठ दारात घुटमळले. माझ्या जिभेवर नेहमीचं 'राहू द्या' आलंच होतं. ते गिळलं.

"शेठ," मी म्हटलं, "उद्याही याल का?"

आतून बाबांचा आवाज आला, "जरा लवकर या म्हणा त्यायले. पानी गरम राह्यते."