कोशात आपलं गाव हाये काय?

दुकानात चहा पाजता पाजता इतके किस्से साठलेत, की पुस्तकांपेक्षा त्यांनाच जास्त जागा लागेल! बुलढाण्यात माझं पुस्तकांचं दुकान. दर्शनी फळीवर मुलांच्या ज्ञानकोशाचा जाडजूड सेट. घ्यावा की नाही, यावर अख्खी घरं माझ्या काउंटरवर भांडतात, आणि मला ते मनापासून आवडतं.

आमच्याकडची रीत अशी, की किंमत विचारायच्या आधी गिऱ्हाईक कोशात आपलं गाव शोधतं. शेगावकरांना शेगाव सापडतं, ते खुश! हिवरा आश्रमच्या एका काकांना त्यांचं गाव मिळालं नाही. "आमच्याकडं उत्सवाले एवढी गर्दी होते, अन् ह्या लोकायले पत्ताच नाही?" म्हणत ते चहा अर्धा ठेवून गेले.

एक गुरुजी मुलीला घेऊन आले. "मोबाइलमध्ये सगळं फुकट असते, हे कायले पाह्यजे?"

मुलगी लगेच म्हणाली, "बरं मंग, मोबाइल घेऊन द्या!"

गुरुजी माझ्याकडे वळले. "बांधा हो सेट!"

एक साहेब तर टेपने खंडांची उंची मोजायला लागले. नव्या शोकेसमध्ये शोभतील म्हणे! बायको शांतपणे म्हणाली, "शोकेसची किल्ली पोरांजवळ राहीन, तरच घ्या." साहेबांनी टेप खिशात घातला. वहिनींना त्या दिवशी मी स्पेशल चहा पाजला.

सलीमभाईंचं मात्र जमेना. रोहिणखेडला त्यांचं वेल्डिंगचं दुकान. मुलगी नाझमीन सहावीत. बुलढाण्याला आली की माझ्याकडे उभ्या उभ्या खंड वाचायची. सलीमभाईंनी 'र'चा खंड उघडला. रोहिणखेड नाही!

"आमची जुनी मशीद पाह्याले कुठून कुठून लोक येतात भाऊ. ज्याले आमचं गाव मालूम नाही, ते पोरीले काय शिकवीन?"

नाझमीनचा चेहरा उतरला. मला राहवेना. म्हटलं, "सेट घेऊन जा, महिनाभर पोरीला घरी वाचू द्या. नाही पटलं तर परत आणा."

महिन्याने सलीमभाई एकटेच आले. हातात तोच 'र'चा खंड. मी विचारलं, "परत करता?"

"काऊन परत?" त्यांनी पान उघडलं. रोहिणी नक्षत्राच्या आधी एक कागद चिकटवलेला. नाझमीनचं अक्षर. रोहिणखेड! मशिदीचं चित्र, शाळा, आणि खाली अब्बांचं वेल्डिंगचं दुकान.

मग त्यांनी खिशातून तसाच दुसरा कागद काढला, सोबत गमची बाटली.

"नाझमीननं दिला. दुकानातल्या सेटमध्ये बी लावा भाऊ. अजून कोण्या पोरीचा बाप रोहिणखेडचा निघाला तं!"