मागची रांग

कंपनीकाका पनवेलच्या मंडईत ‘मेथी कशी दिली?’ असं विचारत, तेव्हा तिकडे चार कोसांवर जासईच्या भाजीवाल्या भाव सांगायला लागत. यात मी पदरचं काही घातलेलं नाही.

खांदा कॉलनीत ते आमच्या वरच्या मजल्यावर राहत. नाटक कंपनीच्या बसमधून त्यांनी अख्खा महाराष्ट्र पालथा घातला होता, म्हणून आम्ही त्यांना कंपनीकाका म्हणायचो. काम करताना त्यांची नजर शेवटच्या रांगेवर. “स्वस्तातलं तिकीट काढलं, म्हणून त्या माणसानं काय अर्धंच नाटक ऐकायचं?” प्रॉम्प्टर विसूभाऊंना मात्र उलटा जाच. विंगेतून वाक्य पुरवताना त्यांचा आवाज चुकून पहिल्या रांगेला गेला, की मध्यंतरात खरडपट्टी. तीस-पस्तीस वर्षांत विसूभाऊ इतकं हळू बोलायला शिकले, की त्यांची बायको ओठांकडे बघूनच चहा टाकायची.

मग काकांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्रच काढावं लागलं. पुढे सिनेमा-मालिकांत कामं मिळाली, ती सगळी बिनबोलाची. अंथरुणावरचे आजोबा, देवळाच्या पायरीवरचा साधू. शूटिंगहून आले की मोबाइलवर लिहून दाखवत, ‘आज फार सुंदर मेलो.’ मी हसायचो. ते हसत नसत.

गाव त्यांचं गव्हाण. सगळीकडे प्रयोग केले, गव्हाणात कधी नाही. एकदा तरी गावानं आपलं काम बघावं, एवढंच मनात राहिलं होतं. गेल्या वर्षी जत्रेत बोलावणं आलं. काकांनी जुनी राजाची भूमिका काढली. ते अभिनय करणार, विसूभाऊ विंगेतून माइकवर वाक्यं बोलणार.

पडदा सरकला. काका असे उभे राहिले, की जत्रेतला पाळणाही थांबला असावा. पण विसूभाऊंचा जन्म कुजबुजण्यात गेलेला. मोठा आवाज निघेचना. माइकमधून नुसती सळसळ. मागून एक म्हातारा उठला आणि म्हणाला, “आयकू नाय येत. चला रं, पुढं सरका.”

सगळं गाव खुर्च्या सोडून स्टेजच्या पायथ्याशी मातीत येऊन बसलं. लाखभर माणूस असेल. बरं, पाचशे धरा. पोरांच्या तोंडावर हात ठेवून सगळ्यांनी ती कुजबूज ऐकली. पडदा पडला तेव्हा टाळ्या वाजवायचंही कुणाला सुचलं नाही, जो तो डोळे पुसत होता.

दिव्यांच्या झगझगाटात काकांना पायथ्याच्या अंधारातली माणसं दिसलीच नव्हती. जत्रेच्या उजेडातल्या मागच्या रिकाम्या खुर्च्या तेवढ्या दिसल्या होत्या.

परतताना गाडीत मी सांगितलं, काका, सगळं गाव तुमच्या पायाशी बसलं होतं. विसूभाऊंना साक्षीला घेतलं, पण त्यांनी संहितेतून डोकंच वर काढलं नव्हतं. काकांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि मोबाइल पुढे केला. ‘माझं मन राखायला बोलतोयस. तुझ्या एका माणसाचे नेहमीच शंभर होतात.’

दिवाळीच्या आत काका गेले. खांदा कॉलनीत गव्हाण लोटलं होतं. किती माणसं आली होती, ते मी कुणाला सांगत नाही.