आकाशपाळणा फिरवणारा

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. अकोल्यात मोर्णा नदीकाठी दर हिवाळ्यात आनंदमेळा लागायचा आणि कचेरी सुटली की आम्ही तिघे कारकून तिथेच असायचो. त्या वर्षी म्हाताऱ्या मालकाने कारभार जावयाच्या हाती दिला, तेव्हापासून चहाच्या टपरीवर आमचा रोज एकच वाद चाले.

"हा जावई मेळा बुडवते," माझा सोबती म्हणायचा.

"काहून? पाळण्याले इंजिन आणून राहिला तो," मी म्हणायचो.

शेजारच्या बाकावर आकाशपाळणा हाताने फिरवणारा माणूस बसलेला असे. तळहातांना चिंध्या गुंडाळलेल्या, त्यामुळे बशी तो दोन्ही मनगटांत धरून चहा प्यायचा. एकदा मीच त्याला विचारलं, "तुमीच सांगा भाऊ, जुना मालक बरा का नवा?"

त्याने बशी सावकाश खाली ठेवली.

"जुना वीस वर्सांत मले कधी बस म्हणाला नाही, बाबू. नवा म्हणते, इंजिन आलं का घरीच बस."

एवढं बोलून तो उठला आणि पाळण्याला खांदा लावायला गेला.

दुसऱ्या दिवशी वाद पुन्हा निघाला. इंजिनाच्या बाजूने बोलायची पाळी माझी होती. मी टपरीवाल्याला शेजारच्या बाकावर एक चहा द्यायला सांगितलं.