मीटरवरचं ब्याऐंशी

मीटरवर ब्याऐंशी टक्के होतं आणि बेडूक मरायला टेकला होता.

पाळीव प्राण्यांसाठी काचेच्या पेट्या सेट करून देणं हा माझा धंदा. मासे, कासवं, आणि हल्ली झाडावरचे बेडूक. डिलाईल रोडच्या एका नव्या टॉवरमध्ये रश्मी मॅडमनी असा एक हिरवा बेडूक पाळला होता. पेटी मीच लावलेली.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो. त्यामुळे पेटीतली हवा दमट लागते. मॅडम घरून काम करायच्या, खोलीत दिवसभर एसी, आणि एसी हवा कोरडी करतो. म्हणून मी टायमरवर चालणारा फवारा बसवला आणि दमटपणा मोजायला एक मीटर.

नंतर मॅडमच्या आईंचे तीन फोन आले. त्या तिथेच राहतात, बोलतात मालवणीत.

“झिला, बेडूक सुकता हा. हात लावलंय तर कागदासारखो लागता.”

“मावशी, मीटर किती दाखवतोय?”

“ब्याऐंशी.”

“मग ओके आहे. तुम्ही वरून हाताने स्प्रे मारता ना, तो बंद करा. बुरशी धरेल. मुंबईच्या दमट हवेत राहून सुकता म्हणताय होय?” वर हसलोसुद्धा.

त्यांनी स्प्रे बंद केला. चार दिवसांनी मॅडमचा फोन. बेडूक डोळे उघडत नव्हता. अंगातलं पाणी संपलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

धावत गेलो. झाकण उघडलं आणि पाहिलं. मीटरच्या वायरचं टोक, म्हणजे सेन्सर, फवाऱ्याच्या बरोबर खाली ओल्या शेवाळात खुपसलेलं होतं. मीच खुपसलं होतं. पेटीचा फोटो माझ्या पेजवर टाकायचा होता आणि त्यात वायर दिसायला नको होती. सेन्सर काढून बेडूक बसतो त्या फांदीपाशी धरला. आकडा घसरत एकेचाळीसवर आला.

“हे कसं काय झालं?” मॅडमनी विचारलं.

“सेन्सर सरकला असेल.”

“माझोच धक्को लागलो आसतलो, काच पुसताना,” मावशी लगेच म्हणाल्या.

“आई, किती वेळा सांगितलं, पेटीला हात लावू नकोस!”

तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. मी वायर गुंडाळत बसलो. आजही ते आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

बेडूक वाचला. आठवडाभर रोज उथळ पाण्यात बसवल्यावर पुन्हा टवटवीत झाला. आता मी प्रत्येक पेटीत सेन्सर जनावर बसतं तिथेच लावतो, वायर दिसली तर दिसली. आणि घरातलं माणूस काय सांगतंय ते आधी ऐकतो, मीटर नंतर बघतो.

त्या घरी दर महिन्याला सर्व्हिसिंगला जातो. मावशींना पेटीजवळ जायची अजून बंदी आहे. त्या सोफ्यावरूनच विचारतात, “बरो आसा मा तो?”

मी नुसता “हो” म्हणतो.