मारुतीच्या कमरेपर्यंत

नाशिकला पूर मोजायला पट्टी लागत नाही. गोदावरीच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला, कमरेला की गळ्याला, एवढं विचारलं की झालं. नव्वदच्या दशकात मी पूर-आराखड्यावर नेमलेला नवाकोरा इंजिनिअर. हाच मारुती आराखड्यात घातला आणि आपणच शोध लावल्यासारखा नदीकाठच्या वस्तीत सांगत फिरलो, "कमरेला पाणी लागलं की घर सोडायचं."

फुलवाती विकणाऱ्या एका मावशींनी विचारलं, "साहेब, आमचे मालक अंथरुणाला खिळलेले. हातगाडीवर घालून न्यायचे, तर तेवढा वेळ मिळंल ना?"

मी घड्याळ लावून त्यांच्या दारापासून मागच्या गल्लीनं वरच्या रस्त्यापर्यंत चाललो. "मावशी, वाटेत चहा घेतलात तरी पोचाल."

"मग चहा तुम्हीच पाजा," त्या हसल्या.

आराखडा दरवर्षी पावसाळ्याआधी जागेवर जाऊन तपासायचा, हे त्यात मीच लिहिलं होतं. दोन वर्षं गेलो. मग खुर्ची सुटेना. शेरा मात्र न चुकता मारायचो : 'जैसे थे'. अक्षर काय सुंदर हो माझं! मधल्या वर्षांत घाट रुंदावले, काठाला भिंती झाल्या, गल्लीमागच्या नाल्याचं तोंड आवळलं. कागदावर जैसे थे.

मग तो पूर आला. मी पुलावर छत्री धरून उभा. मारुतीच्या मांड्या बुडत होत्या. शेजारच्या शिपायाला ऐटीत म्हणालो, "अजून वेळ आहे."

मावशीही दारातून मारुतीकडंच बघत होत्या. पाणी मागून आलं. नाला तुंबून गल्लीत शिरला आणि हातगाडीची वाटच आधी बुडाली. मावशींना शेजाऱ्यांनी पत्र्यावर ओढून घेतलं. मालकांना कुणाला उचलता आलं नाही.

चार दिवसांनी गेलो. चिखल उपसता उपसता त्या म्हणाल्या, "साहेब, कमरेला लागलंच नव्हतं हो. मी डोळा हलवला नाही. माझं काय चुकलं?"

उत्तर मला ठाऊक होतं. कुठल्याही मैफलीत ज्याचं तोंड बंद होत नाही तो मी म्हणालो, "मावशी, चहा घेतलात का?"

आता निवृत्त आहे. दरवर्षी पावसाळ्याआधी त्या गल्लीतून घड्याळ लावून चालतो. मला कुणी सांगितलेलं नाही. वेळ दरवर्षी थोडा जास्त लागतो. माझे गुडघे की वाट, हे कळावं म्हणून परत फिरून पुन्हा चालतो.